714 मिलिमीटर

एक्स-विंग या स्टार वॉर्सच्या यानांवरच्या टेबल-खेळाचा डाव मांडून झाला की टेबलावर सगळ्यात जास्त दिसते ती रिकामी जागा. मॅट तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे एका बाजूने 914 मिलिमीटर. दोघांनी आपापल्या कडेपासून 100 मिलिमीटरच्या पट्ट्यात जहाजं मांडायची. दोघांनीही अगदी पुढे आणून मांडली तर नाकापासून नाकापर्यंत 714 मिलिमीटर उरतात. पहिली फैर झडेपर्यंत या अंतरात काय घडतं, त्यावर स्पर्धेतले बरेचसे डाव ठरून जातात, असं माझं ठाम मत आहे. फासे त्यानंतर येतात.

खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अंगठ्याएवढी रंगवलेली लढाऊ यानं पारदर्शक खुंटीवर उभी असतात. प्रत्येकाची एक गोल डायल असते. दोघेही गुपचूप डायल लावून पालथी ठेवतात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायची रीत आहे, तसाच हा प्रकार: हात दिसतो, आकडा दिसत नाही. मग एकेक डायल उलटायची, त्यावर जी चाल असेल तिचा टेम्प्लेट, म्हणजे त्या चालीच्या मापाची पट्टी, बेसच्या (जहाजाखालच्या चौकोनी बैठकीच्या) कडेच्या खुंट्यांत बसवायचा आणि जहाज टेम्प्लेटच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायचं. चालीनंतर एक कृती, आणि सगळ्यांचं हलून झालं की गोळीबार. पहिल्या महायुद्धातल्या विमानांवरच्या एका इटालियन खेळातून ही चालींची पद्धत आली. एक्स-विंग 2012 मध्ये बाजारात आला, 2018 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि जून 2024 मध्ये कंपनीने पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. नियम, कार्डं, जहाजं ज्यांच्याकडे आहेत त्यांचा खेळ काही त्या दिवशी थांबला नाही. पुढे जे लिहिलं आहे ते 2018 च्या नियमांना आणि 200 गुणांच्या ताफ्याला (प्रत्येक जहाजाची किंमत गुणांत असते) धरून आहे.

सगळं गणित बेसमध्ये करायची सवय लावून घ्या. लहान जहाजाचा बेस 40 मिलिमीटरचा चौरस असतो आणि सरळ टेम्प्लेटचा एकेक वेगही 40 मिलिमीटरचाच असतो. नवखा खेळाडू इथेच फसतो. 2 चा सरळ टेम्प्लेट 80 मिलिमीटर लांब आहे, म्हणजे जहाज 80 पुढे जाईल, असं तो धरून चालतो. पण टेम्प्लेट नाकाला लागतो आणि जहाज उचलून त्याच्या पुढच्या टोकाला शेपटी लावून ठेवलं जातं. बेसची स्वतःची लांबी त्यात मिळते आणि जहाज 120 पुढे सरकतं. म्हणून हिशेब असा: वेग अधिक एक, तितके बेस. 1 ची सरळ चाल म्हणजे दोन बेस, 5 ची म्हणजे सहा. मोठ्या जहाजाचा बेस 80 चा असल्यामुळे तेच 2 च्या चालीला 160 पुढे जातं, आणि म्हणूनच मोठी जहाजं अंदाजापेक्षा लवकर अंगावर येतात.

आता ते 714 मिलिमीटर बेसमध्ये मोजा. अठराला थोडे कमी. माराची पट्टी 300 मिलिमीटरची, तिचे शंभर-शंभरचे तीन पट्टे. म्हणजे एकूण साडेसात बेस. वजाबाकी केली की दहाच्या थोडं वर उत्तर येतं. यालाच खेळाडू अकराचा नियम म्हणतात: समोरासमोरच्या दोन जहाजांच्या चाली मिळून अकरा बेस झाल्या की तिसऱ्या पट्ट्यात मारा सुरू होतो. तेरा झाल्या की दुसरा पट्टा, सोळा झाल्या की पहिला.

हे एकदा टेबलावर करून बघा. पहिल्या फेरीत दोघांनी 2 सरळ लावली: तीन अधिक तीन, सहा बेस. अंतर उरलं 474. दुसऱ्या फेरीत दोघांनी 1 लावली तर बेरीज दहा, अंतर 314, आणि कोणीच कोणाला मारू शकत नाही. फक्त 14 मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढे, कमी पडतात. एकाने 1 ऐवजी 2 लावली की बेरीज अकरा, अंतर 274, आणि फासे हातात. आता तुमची डायल 1 वर आहे असं धरा. समोरच्याने 2 किंवा 3 लावली तर तो तिसऱ्या पट्ट्यात येईल, 4 किंवा 5 लावली तर दुसऱ्या पट्ट्यात. नुसत्या सरळ चालीने पहिल्या पट्ट्यात तो या फेरीत येऊच शकत नाही. एवढी खात्री मनाशी असली की कृती कोणती घ्यायची, हे डायल उलटण्याआधीच ठरलेलं असतं. डायल लावताना टेम्प्लेट लावून बघायची परवानगी नाही, म्हणून हे सगळं नजरेने आणि पाढ्याने करायचं.

पट्ट्यांना इतकं महत्त्व का, ते फाशांवरून कळतं. लाल फाशाला आठ बाजू: तीनवर मार, एकावर जबर मार, दोनवर डोळा आणि दोन कोऱ्या. हिरव्या फाशावर तीन चुकवण्या, दोन डोळे, तीन कोऱ्या. चालीनंतरच्या कृतीत फोकस घेतला असेल तर डोळ्यांचा उपयोग होतो, नाहीतर ते कोऱ्यासारखेच. म्हणजे फोकस नसताना लाल फासा निम्म्या वेळा लागतो, फोकस असताना 75 टक्के. हिरवा 37.5 टक्क्यांवरून 62.5 टक्क्यांवर जातो. पहिल्या पट्ट्यातून मारणाऱ्याला एक लाल फासा जास्त मिळतो, तिसऱ्या पट्ट्यात चुकवणाऱ्याला एक हिरवा जास्त.

एक्स-विंग नावाचं जहाज तीन लाल फाशांनी मारतं, टाय फायटर नावाचं जहाज तीन हिरव्यांनी चुकवतं. दोघांकडे फोकस आहे आणि अंतर तिसऱ्या पट्ट्याचं आहे, तर सरासरी 2.25 मार येतात आणि समोर चार हिरव्यांच्या 2.5 चुकवण्या उभ्या असतात. असा मारा बहुधा हवेत जातो. तेच पहिल्या पट्ट्यात चार लाल फाशांचे सरासरी 3 मार येतात, आणि तीन हिरव्यांच्या चुकवण्या 1.875. टाय फायटरचं अंग तीन मारांचं. तिसऱ्या पट्ट्यातून घाईने मारलेली फैर आणि एक फेरी दम धरून पहिल्या पट्ट्यातून मारलेली फैर यांत किती फरक आहे, तो या आकड्यांत दिसतो. सरासरी ही सरासरीच, एखादा डाव उलटा फिरतोच. पण चार डावांच्या स्पर्धेत पट्टा नीट साधणारा वर येतो.

वाट अडवायचा डाव मला या खेळातला सगळ्यात सुंदर वाटतो. कमी पुढाकार-अंकाचा पायलट आधी हलतो आणि शेवटी मारतो. वरवर हे नुकसान दिसतं. पण आधी हलणारा ज्या जागेवर जाऊन बसतो, तिथे नंतर येणाऱ्या भारी पायलटला जागाच उरत नाही. तो आला की धडकतो, टेम्प्लेटवरून मागे सरकत बेसला बेस लागेल तिथे थांबतो आणि त्याची कृती जाते. कृती गेली म्हणजे फोकस गेला, म्हणजे तीन हिरव्या फाशांच्या 1.875 चुकवण्यांवरून तो 1.125 वर आला. शिवाय ज्याला चिकटला त्याच्यावर त्याला गोळीही झाडता येत नाही. बाकीची दोन-तीन जहाजं तेवढ्यात त्याला घेरतात. ताफ्यातलं सगळ्यात स्वस्त जहाज असं समोरच्याचं सगळ्यात महाग जहाज अडवून धरतं. तालमीत हलक्या अंगाचा मल्ल भारी मल्लाचा पाय अडकवतो, तेव्हा बघणाऱ्यांना जे वाटतं तेच इथे वाटतं.

अडवायचं तर समोरचा कुठे येईल हे ओळखावं लागतं, आणि ते त्याच्या टोकनवरून ओळखता येतं. मागच्या फेरीत लाल, म्हणजे डायलवरची अवघड, चाल केल्यामुळे जहाजावर ताणाचं टोकन असेल, तर त्याला कृती मिळत नाही आणि पुन्हा लाल चालही करता येत नाही. ताण उतरवायला निळी, म्हणजे सोपी, चाल लागते. प्रत्येक जहाजाच्या डायलवर निळ्या चाली मोजक्या असतात आणि त्या बहुधा हळू असतात. म्हणजे के-टर्न मारून उलट फिरलेलं जहाज पुढच्या फेरीत कुठे असेल, याच्या शक्यता पाच-सहाच उरतात. त्यातल्या दोन लघुग्रहाने, म्हणजे टेबलावरच्या अडथळ्याने, अडवलेल्या असल्या तर काम आणखी सोपं. समोरच्याची डायल पाठ असणं म्हणतात ते यालाच. आपल्या ताफ्याची डायल सगळेच पाठ करतात.

लघुग्रह प्रत्येकी तीन, एकूण सहा मांडायचे. एकमेकांपासून पहिल्या पट्ट्याच्या बाहेर आणि कडांपासून दुसऱ्या पट्ट्याच्या बाहेर. म्हणजे मधल्या साधारण 514 मिलिमीटरच्या चौकातच सगळा दगडांचा पसारा. अडथळ्यावर जहाज आलं की कृती जाते, एक लाल फासा टाकून मार लागतो का बघायचं, आणि दगडावर असेपर्यंत गोळीबार बंद. मोठ्या बेसच्या जहाजांनी दगड लांब लांब मांडावेत, लहान चपळ जहाजांनी दाट. मांडणीचा हा भाग घाईत उरकणारे खेळाडू मला कळत नाहीत. तिथेच तर डाव सुरू झालेला असतो.

आता सांगलीत या खेळाची स्पर्धा भरवायची म्हटलं तर सामानाकडे वळावं लागतं. नजरेचा सगळा हिशेब चोख सामानावर उभा असतो. घरी छापलेले कागदी टेम्प्लेट सरावाला चालतात, पण प्रिंटरचं ‘पानात बसवा’ हे सेटिंग बंद करून 100 टक्क्यांवर छापा. नाहीतर 97 टक्क्यांवर छापलं जातं, 40 चे 38.8 होतात आणि 5 च्या चालीत सहा मिलिमीटर गळतात. छापल्यावर पट्टी लावून मोजा. स्पर्धेसाठी ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्या दुकानातून 3 मिलिमीटरच्या अॅक्रिलिकमध्ये लेझरने कापून घ्यावेत. लेझर कापताना कडेचं थोडं अॅक्रिलिक जळून जातं, म्हणून 20 मिलिमीटर रुंदीची पट्टी किंचित बारीक येते आणि बेसच्या खुंट्यांत खेळते. एका अंशाची ढिलाई 200 मिलिमीटरवर साडेतीन मिलिमीटरचा फरक पाडते. आधी एकच तुकडा कापून घ्या, व्हर्नियरने मोजा, खुंट्यांत बसवून बघा, मग पूर्ण संच सांगा. दोन्ही खेळाडूंनी एकाच टेबलावर एकच संच वापरायचा, हा नियम सुरुवातीलाच जाहीर केला की निम्मी भांडणं होत नाहीत.

मॅट म्हणून फ्लेक्स छापून घेणं सगळ्यात सोपं, गल्लोगल्ली दुकानं आहेत. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि बेस घसरतात, म्हणून मॅट फिनिश मागायचं. गुंडाळीतून आलेल्या फ्लेक्सच्या कडा वर वळतात आणि कडेची जहाजं कलंडतात. आदल्या रात्री उलट बाजूने गुंडाळून ठेवलं की सकाळी सपाट बसतो. मखमलीचं काळं कापड फोटोत देखणं दिसतं, पण त्याला चुण्या पडतात आणि टेम्प्लेट अडकतो. चित्रही शक्यतो साधं असावं. भडक तेजोमेघ छापला की 14 मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही.

जहाजाचं सगळ्यात आधी काय मोडतं, तर खुंटी. मोडल्यावर फेविक्विकसारखा गोंद भसाभस लावला की त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी झाक धरते. टाचणीच्या टोकाने एक थेंब लावायचा आणि पंख्याखाली वाळू द्यायचा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे पोटाला 1 मिलिमीटरचं भोक पाडून त्यात कागदाच्या क्लिपची तार बसवणं. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढलेली जहाजं एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. पंख खाली झुकलेले मिळतात. पावसाळी दमट हवेत प्रायमरचा फवारा मारला तर पृष्ठभाग खडबडीत, भुकटी बसल्यासारखा होतो. गणपती रंगवणारे कारागीर रंगाआधी मूर्ती कोरडी झाल्याची खात्री करतात, तीच शिस्त इथेही लागते.

तारीख ठरवणं सांगलीत वेगळंच काम आहे. लग्नसराईत मंगल कार्यालय मिळत नाही. चातुर्मासात मिळतं, पण आषाढ-श्रावणात कृष्णेचं पाणी चढतं. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोक्याची. बाहेरगावचे खेळाडू एसटीने येणार असतील तर जुलै-ऑगस्टचा रविवार धरण्यात अर्थ नाही. माझ्या मते पितृपक्षातला रविवार उत्तम. कार्यालय रिकामं असतं, पूर बहुधा ओसरलेला असतो. कार्यालयाच्या जेवणाच्या टेबलांची रुंदी आधी मोजून घ्या. बहुतेक अरुंद असतात, दोन जोडावी लागतात, आणि जोडाच्या फटीवर बेस डुगडुगतो. वर प्लायवुडचा तुकडा टाकला की काम होतं. पंखा जोरात लागणारच, म्हणून पायलटची कार्डं जाड प्लास्टिकच्या पाकिटात घालून ट्रेमध्ये ठेवायची.

जोड्या स्विस पद्धतीने, म्हणजे दर राउंडला सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालून, लावायच्या. ही पद्धत 1895 मध्ये झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली आणि सांगलीकरांना ती समजावून सांगावी लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे या गावातल्या कितीतरी घरांत ‘दुसऱ्या राउंडला एक पॉइंटवाल्याशी पडलो’ हे वाक्य जेवणाच्या पानावर बोललं गेलं आहे. सोळा खेळाडू असतील तर चार राउंडमध्ये एकच अपराजित उरतो. राउंड 75 मिनिटांचा, मध्ये पंधरा मिनिटं आणि दुपारी जेवण धरलं तर सकाळी नऊला सुरू करून चार राउंड व्हायला दुपारचे चार तरी वाजतात. वरच्या चौघांची बाद फेरी घ्यायची तर दुसरा दिवस धरा, किंवा सरळ क्रमवारीवर बक्षीस द्या.

बरोबरी सोडवायला फरकाचे गुण मोजतात. डाव (पाडलेल्या जहाजांच्या गुणांत) 120-80 असा संपला तर फरक 40; जिंकणाऱ्याला 200 मध्ये तो मिळवून 240 आणि हरणाऱ्याला वजा करून 160. म्हणून हरत असलेल्या डावातही एखादं जहाज वाचवून पळ काढणं किंवा समोरच्याचं एखादं निम्म्यावर आणून अर्धे गुण घेणं शेवटच्या राउंडनंतर कामाला येतं. पहिला डाव गेला की खांदे पाडून बसणाऱ्या पोरांना हे मुद्दाम सांगायला हवं.

75 मिनिटांत दहा फेऱ्या व्हायच्या तर एका फेरीला साडेसात मिनिटं. ताफ्यात सात-आठ जहाजं असतील तर डायल लावण्यातच वेळ जातो. सारख्या दिसणाऱ्या जहाजांना आणि त्यांच्या डायलना नंबर लावले नाहीत तर पाचव्या फेरीला दोन नंबरची डायल चार नंबरच्या जहाजापाशी सापडते, आणि उलटलेली चाल करावीच लागते. गर्दीत शिरताना आजूबाजूच्या बेसच्या कडांना टोकन लावून जागा धरून ठेवायची, मगच टेम्प्लेट घालायचा. लांब बाह्या दुमडायच्या, ओळखपत्राची दोरी शर्टात खोचायची. वाकलेल्या खेळाडूच्या दोरीने सात जहाजं आडवी होतात, आणि ती पुन्हा जिथल्या तिथे कोणालाच मांडता येत नाहीत.

आर्कचा, म्हणजे जहाजाला ज्या कोनात मारा करता येतो त्याचा, वाद मात्र होणारच. कॉलेजातला मुलगा समोरच्याला विचारतो, “काका, माझा दोन नंबर तुमच्या आर्कमध्ये येतोय का बघा की.” काका वाकून बघतात. “काठावर दिसतोय रे. पंचांना बोलवूया, उगाच कशाला.” हे बरोबर आहे. दोघेही आपापल्या बाजूने तिरके बघतात आणि तिरक्या नजरेला रेघ सरकलेली दिसते. पंचाने बेसमधलं पुठ्ठ्याचं टोकन सैल झालं आहे का ते आधी बघावं, बोटाने कोपऱ्यात दाबावं, पट्टीची कड छापील रेघेला लावावी, बरोबर वर उभं राहून एक डोळा मिटून बघावं आणि एकदाच निर्णय द्यावा. पट्टी काढल्यावर पुन्हा लावायची नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली की चालू फेरी पूर्ण करायची. मग पडलेली जहाजं, निम्म्यावर आलेली जहाजं दोघांनी मिळून मोजायची, चिठ्ठीवर दोघांनी सही करायची. त्यानंतर डबे भरायचे. लाल फासे, हिरवे फासे, टोकन मोजून घ्यायचे, कारण दोघांचे हिरवे फासे दिसायला सारखेच असतात आणि एखादा हमखास समोरच्याच्या डब्यात जातो. स्पंजच्या खाचेत जहाज ठेवताना आधी खुंटी काढायची, मग जहाज, नाक खाली करून.